पाषाणयंत्रांपासून दमदम्यापर्यंत : किल्ल्यांची तटबंदी कशी फोडली जात असे?

जयपूर शहराच्या उत्तरेस, आंबेरच्या राजवाड्याच्या वरच्या अंगाला, अरवलीच्या 'चील का टीला' या डोंगरावर जयगड किल्ला उभा आहे. येथे येणाऱ्या पर्यटकांची पावले सर्वप्रथम वळतात ती 'जयबाण' तोफेकडे. सवाई जयसिंह यांच्या कारकिर्दीत १७२० मध्ये ओतण्यात आलेली ही तोफ सुमारे ५० टन वजनाची असून तिची नळी २० फूट लांबीची आहे. चाकांच्या गाड्यावर बसविलेल्या जगातील सर्वांत मोठ्या तोफांमध्ये तिची गणना केली जाते. मात्र या तोफेने एकाही किल्ल्याची भिंत पाडलेली नाही. चाचणीसाठी ती एकदाच डागण्यात आली आणि त्यानंतर कोणत्याही युद्धात तिचा वापर झाला नाही.

ज्या साधनांनी तटबंद्या खरोखरच फोडल्या, त्यांपैकी फारच थोडी साधने आज पाहावयास मिळतात. लाकूड, दोर, कातडे आणि माती यांपासून बनलेली ती साधने वेढा उठताच मोडून टाकली जात किंवा जागच्या जागी कुजून जात. त्यांची माहिती मिळते ती समकालीन इतिहासकारांच्या वर्णनांतून, पत्रव्यवहारातून आणि चित्रांतून. राजस्थान व महाराष्ट्रातील वेढ्यांचे हे वृत्तान्त एकत्र वाचले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. भिंतीवर दगड किंवा गोळा फेकणे हा वेढ्यातील तुलनेने सोपा भाग होता. फेकणारे यंत्र भिंतीजवळ आणि भिंतीच्या उंचीपर्यंत नेणे हे खरे कठीण काम होते, आणि त्यासाठीच सर्वाधिक पैसा, वेळ व माणसे खर्ची पडत असत.

रणथंबोर (१३०१), चितोड (१५६७-६८) आणि पुरंदर (१६६५) या तीन वेढ्यांवरून ही बाब स्पष्ट होते. यांपैकी चितोडच्या वेढ्यात आंबेरच्या कछवाहा घराण्यातील भगवंतदास अकबराच्या छावणीत उपस्थित होते, तर पुरंदरचा वेढा त्याच घराण्यातील मिर्झाराजे जयसिंह यांच्या नेतृत्वाखाली पडला होता.

दगड फेकणारी यंत्रे

तोफा येण्यापूर्वी तटबंदीवर मारा करण्याचे प्रमुख साधन म्हणजे पाषाणयंत्र. भारतात या प्रकारच्या यंत्रांची कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या वर्णनात एका जागी स्थिर असणारी आणि हलविता येणारी अशा दोन वर्गांत यंत्रांची नावे दिलेली आहेत. जैन आगमांमध्ये मगधाचा राजा अजातशत्रू याने वैशालीच्या लिच्छवींविरुद्ध 'महाशिलाकंटक' नावाचे शस्त्र वापरल्याचा उल्लेख आहे.

मध्ययुगात पश्चिम आशियातून आलेल्या यंत्रांना फारसी ग्रंथांत मंजनीक, अर्रादा व मगरिबी अशी नावे आढळतात. अरब इतिहासकार बलाझुरी याच्या वृत्तान्तानुसार, इसवी सन ७१२ च्या सुमारास महंमद बिन कासीम याने सिंधमधील देवल बंदराला वेढा घातला, तेव्हा त्याच्याजवळ 'अरूस', म्हणजे 'वधू', या नावाचे एक मंजनीक होते आणि ते चालविण्यासाठी ५०० माणसे लागत.

माणसांची ही संख्या यंत्राच्या रचनेवरून समजते. मंजनीक ही मूलतः एक मोठी तरफ होय. उंच लाकडी चौकटीवर एक लांब तुळई अशा रीतीने बसविली जाई की तिचे एक टोक टेकूपासून जवळ आणि दुसरे दूर राहील. दूरच्या टोकाला गोफण बांधून तिच्यात दगड ठेवला जाई. जवळच्या टोकाला अनेक दोर बांधलेले असत. इशारा होताच दोर धरलेली सर्व माणसे एकदम खाली ओढीत, लांब टोक वेगाने वर उसळे आणि गोफणीतून सुटलेला दगड तटाकडे जाई. शेतातील राखणदार ज्या तत्त्वावर पाखरांना गोफण मारतो, तेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर वापरलेले दिसते.

पुढील काळात दोर ओढणाऱ्या माणसांच्या जागी दगड किंवा मातीने भरलेली जड पेटी आली. पेटी खाली पडताना तुळई उसळत असे. मगरिबी हे यंत्र याच प्रकारचे असावे, असे अभ्यासक मानतात. या बदलाचा मोठा लाभ म्हणजे माऱ्यातील सातत्य. माणसांचा जोर दर वेळी सारखा लागत नाही, पेटीचे वजन मात्र तेच राहते. डेन्मार्कमध्ये १९८९ मध्ये अशा यंत्राची प्रतिकृती तयार करण्यात आली होती. दोन टनांच्या वजनाने १५ किलोचा गोळा सुमारे १८० मीटर अंतरावर गेला आणि एकामागून एक टाकलेले गोळे सहा मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात पडले. भिंतीच्या एकाच भागावर दिवसेंदिवस आघात करावयाचा असेल तर अशी अचूकता अत्यंत मोलाची ठरते.

तथापि डोंगरी किल्ल्यांपुढे या यंत्रांना मर्यादा होत्या. मैदानातील शहराची भिंत स्वतःच्या बळावर उभी असते आणि तिला खिंडार पाडता येते. डोंगरी किल्ल्याची भिंत अनेक ठिकाणी कड्याच्या माथ्यावर, मागील खडकाला व भरावाला टेकून बांधलेली असते. तिचा दर्शनी थर ढासळला तरी मागे खडक शिल्लक राहतो. शिवाय दगड खालून वर फेकावा लागत असल्याने त्याचा जोर वाटेतच कमी होतो. त्यामुळे या यंत्रांचा उपयोग प्रामुख्याने तटावरील चर्या फोडणे, तटावर पहारेकऱ्यांना उभे राहू न देणे, आतील घरांची छपरे पाडणे आणि शिबंदीचे मनोधैर्य खचविणे यासाठी होत असे.

रणथंबोर : वाळूच्या पोत्यांचा चढ

जयपूरच्या आग्नेयेस, सवाई माधोपूरजवळ असलेल्या रणथंबोरच्या वेढ्यात या मर्यादा स्पष्टपणे दिसून आल्या. दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी याच्या सैन्यातून बंड करून निघालेल्या मंगोल सरदारांना चौहान राजा हम्मीरदेव याने आश्रय दिला होता. त्यांना परत देण्यास त्याने नकार दिल्यानंतर सुलतानाचे सरदार उलुघखान व नुसरतखान यांनी किल्ल्याला वेढा घातला.

वेढ्याचे काम पाहत असतानाच नुसरतखानाचा मृत्यू झाला. इतिहासकार झियाउद्दीन बरनी याच्या माहितीनुसार, किल्ल्यातील मगरिबी यंत्रातून आलेला दगड त्याला लागला होता. पाषाणयंत्रे केवळ हल्लेखोरांजवळच असत असा एक समज आहे, तो या घटनेमुळे दूर होतो. किल्ल्यातील यंत्राला उंचीचा लाभ मिळे. वरून सुटलेला दगड अधिक दूर जाई व अधिक जोराने आदळे.

त्यानंतर सुलतान स्वतः रणथंबोरला आला. दगड फेकून तट पडत नाही हे लक्षात आल्यावर 'पाशेब' बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. पाशेब म्हणजे खंदक बुजवून तटाच्या माथ्यापर्यंत नेलेला भरावाचा चढ. सैनिकांना कापड वाटण्यात आले, त्याच्या पिशव्या शिवण्यात आल्या आणि वाळूने भरलेल्या पिशव्या दरीत टाकून चढ वाढविण्यात आला. त्याच्या जोडीला 'गरगज' उभारले जात. गरगज म्हणजे तटाच्या उंचीचा लाकडी बुरूज. त्यावरून आतील सैनिकांवर समपातळीतून मारा करता येत असे. हे काम चालू असताना वरून बाण, दगड आणि आग यांचा वर्षाव होत असे.

अखेर किल्ला पडला तो जुलै १३०१ मध्ये. तोपर्यंत आतील धान्य संपत आले होते. अमीर खुस्रोने आतील दुष्काळाचे जे वर्णन केले आहे, त्यानुसार धान्याचा दाणा सोन्याच्या मोलाचा झाला होता. स्त्रियांनी जोहार केला आणि हम्मीरदेव व त्याचे साथीदार अखेरच्या लढाईत मारले गेले. यंत्रे, चढ आणि उपासमार अशा तिन्हींचा हा परिणाम होता. वेढा किती काळ टिकेल हे बहुतेक वेळा किल्ल्यातील कोठारे आणि टाकी यांवर अवलंबून असे.

चितोड : साबात आणि सुरुंग

रणथंबोरनंतरच्या अडीचशे वर्षांत बंदुकीच्या दारूने युद्धाचे स्वरूप पालटले. तोफा आल्या, सुरुंग आले. तरीही भिंतीपर्यंत पोहोचण्याचा मूळ प्रश्न कायम राहिला. किंबहुना किल्ल्यातील शिबंदीच्या हातीही बंदुका आल्यामुळे तो अधिक बिकट झाला.

अकबराने ऑक्टोबर १५६७ मध्ये चितोडला वेढा घातला. किल्ल्याचे नेतृत्व जयमल राठोड व पत्ता यांच्याकडे होते. आरंभीचे थेट हल्ले निष्फळ ठरल्यावर मोगलांनी दोन मार्ग अवलंबिले. पहिला मार्ग सुरुंगांचा आणि दुसरा 'साबात'चा.

साबात म्हणजे आच्छादित वाट. बंदुकीच्या पल्ल्याबाहेरून सुरू होऊन नागमोडी वळणांनी तटाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्या या वाटेच्या दोन्ही बाजूंना मातीच्या जाड भिंती असत. वर फळ्यांचे छप्पर घालून त्यावर कच्ची कातडी पसरली जात, जेणेकरून वरून टाकलेल्या आगीने ते पेट घेऊ नये. चितोडच्या एका साबातीतून दहा घोडेस्वार शेजारी शेजारी जाऊ शकत आणि हत्तीवर बसलेला भालाईतही छपराला न लागता पुढे जाऊ शके, असे समकालीन वृत्तान्तांत नमूद आहे. या कामासाठी सुतार, गवंडी, पाथरवट, लोहार व खणकर यांची हजारोंची फौज राबत होती. मोठी तोफ दुरून ओढून आणणे अवघड असल्याने एक तोफ छावणीतच ओतण्यात आली.

या वाटेची किंमत अबुल फझलने नोंदविली आहे. कामगारांच्या संरक्षणासाठी कातड्याच्या ढाली असूनही रोज सुमारे दोनशे माणसे मरत होती. मृतदेह भिंतीतच चिणले जात असल्याचेही वृत्तान्तांवरून दिसते. मजूर मिळावेत यासाठी बादशहाने सोने-चांदी मुक्तहस्ताने वाटली. चितोडच्या दक्षिण टोकाला 'मोहर मगरी' नावाचा उंचवटा आहे. तेथे टाकलेल्या मातीच्या प्रत्येक टोपलीमागे एक सोन्याची मोहर देण्यात आली, अशी लोककथा परिसरात सांगितली जाते. मोहरेचा आकडा कथेतील असला, तरी मृत्यूच्या छायेतील या मजुरीचा भाव किती चढला असेल याची कल्पना तिच्यावरून येते.

सुरुंगांचे काम त्याहून धोक्याचे होते. तटाखाली भुयार खणावयाचे, पायाखाली पोकळी करून ती लाकडी खांबांवर तोलून धरावयाची आणि नंतर तेथे दारू भरून बत्ती द्यावयाची, अशी ही पद्धत. दारू येण्यापूर्वी त्याच खांबांना आग लावून भिंत खचविली जात असे. चितोड येथे १७ डिसेंबर १५६७ रोजी परस्परांजवळील दोन सुरुंगांना एकाच वेळी बत्ती देण्यात आली. एक सुरुंग आधी उडाला. खिंडार पडलेले पाहून मोगल सैनिक आत धावले आणि त्याच क्षणी दुसऱ्या सुरुंगाचा स्फोट झाला. त्यात हल्लेखोरांचीच सुमारे दोनशे माणसे ठार झाली. किल्ल्यातील लोकांनी पडलेला तट तातडीने पुन्हा उभा केला.

साबात पूर्ण झाल्यावर मात्र मोगलांना तटाशी उभे राहून मारा करता येऊ लागला. फेब्रुवारी १५६८ मध्ये रात्रीच्या वेळी खिंडाराच्या दुरुस्तीवर देखरेख करणारा जयमल गोळी लागून पडला. थोड्याच वेळात किल्ल्यात ठिकठिकाणी ज्वाळा दिसू लागल्या. हा जोहार असल्याचे आंबेरच्या भगवंतदास यांनी अकबराला सांगितले, अशी नोंद अबुल फझल करतो. दुसऱ्या दिवशी मोगल सैन्य आत शिरले. त्यानंतर झालेल्या कत्तलीत सुमारे तीस हजार लोक मारले गेल्याचे त्याच इतिहासकाराने लिहिले आहे. त्यांत किल्ल्यात आश्रयाला आलेल्या शेतकऱ्यांची संख्या मोठी होती.

तटबंदीचे राजकीय महत्त्व पुढील काळातही कमी झाले नाही. मेवाड व मोगल यांच्यात १६१५ मध्ये तह झाला, तेव्हा चितोडच्या तटाची दुरुस्ती करू नये अशी अट त्यात होती. ही अट मोडल्याचे दिसून आल्यावर शाहजहानने १६५४ मध्ये सैन्य पाठवून दुरुस्त केलेला भाग पाडून टाकला.

बैलांच्या बळावर डोंगरमाथ्यावर तोफा

चितोडनंतर एका वर्षाने, १५६९ च्या आरंभी, अकबर रणथंबोरला आला. या वेळी किल्ला सुर्जन हाडा याच्या ताब्यात होता. किल्ल्यासमोर 'रण' नावाची टेकडी आहे. तेथून किल्ल्यावर मारा करता येत असे, पण तेथवर अवजड तोफा चढविणे जवळजवळ अशक्य मानले जाई. अकबराने बैल आणि माणसे लावून तोफा त्या टेकडीवर नेल्या. मारा सुरू झाल्यावर थोड्याच काळात, मार्च १५६९ मध्ये, सुर्जन हाडाने किल्ला स्वाधीन केला.

या प्रसंगाचे चित्र अकबरनाम्याच्या सचित्र प्रतीत असून ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उभ्या चढावर बैलांच्या जोड्या तोफ ओढीत आहेत आणि माणसे मागून जोर लावीत आहेत, असे त्यात दिसते. तोफेचा धडाका चित्रकाराच्या दृष्टीस पडला असेलच, पण त्याने सर्वाधिक जागा दिली ती ओढण्याच्या श्रमाला.

सुरुंगाला प्रतिसुरुंग : अहमदनगर

सुरुंगावर उपाय नव्हता असे नाही. शहाजादा मुराद याच्या नेतृत्वाखाली मोगलांनी १५९५ च्या अखेरीस अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा तटाखाली अनेक सुरुंग खणण्यात आले होते. चांदबीबीच्या आज्ञेने किल्ल्यातील लोकांनी आतून उलट भुयारे खणली आणि काही सुरुंगांतील दारू काढून घेतली. एक सुरुंग मात्र उडाला व तटाला मोठे खिंडार पडले. चांदबीबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली, हल्ला परतविण्यात आला आणि रातोरात तट पुन्हा चढविण्यात आला. त्यानंतर १५९६ मध्ये वऱ्हाडचा प्रांत देऊन तह झाला व किल्ला त्या वेळेपुरता वाचला. पाडणारा आणि बांधणारा यांच्यात जो अधिक वेगवान, त्याच्या बाजूने वेढ्याचे पारडे झुकत असे.

पुरंदर : आंबेरच्या राजाचा लाकडी दमदमा

पुण्याच्या आग्नेयेस असलेल्या पुरंदर किल्ल्याच्या वेढ्यात वरील बहुतेक सर्व पद्धती एकत्र दिसतात. मिर्झाराजे जयसिंह मार्च १६६५ मध्ये पुण्यात पोहोचले आणि महिनाअखेरीस पुरंदरला वेढा पडला. त्यांच्यासोबत दिलेरखान होता. तोफखान्यावर काम करणाऱ्या परदेशी लोकांमध्ये व्हेनिसचा प्रवासी निकोलाव मनुची याचाही समावेश होता.

पुरंदरची रचना समजून घेतल्याशिवाय वेढ्याचे डावपेच ध्यानात येत नाहीत. डोंगराच्या माथ्यावर बालेकिल्ला, त्याखाली रुंद माची आणि पूर्वेकडे खिंडीने जोडलेला वज्रगड अशी ही रचना आहे. वज्रगडावरून पुरंदरच्या माचीवर थेट मारा करता येतो. त्यामुळे वज्रगड ही पुरंदरची किल्ली असल्याचे मिर्झाराजांनी ओळखले आणि प्रथम तिकडेच लक्ष वळविले.

डोंगरावर तोफा चढविणे येथेही सर्वांत कष्टाचे ठरले. अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हाहेली अशी नावे असलेल्या तीन मोठ्या तोफा वज्रगडासमोर नेण्यात आल्या. मिर्झाराजांच्या पत्रव्यवहारानुसार, पहिली तोफ चढविण्यास तीन दिवस, तर दुसरीस साडेतीन दिवस लागले. सततच्या माऱ्याने वज्रगडाच्या बुरुजाचा पुढील भाग ढासळला आणि १४ एप्रिल रोजी तेथील मराठा शिबंदीने गड सोडला. मिर्झाराजांनी या लोकांची शस्त्रे काढून घेऊन त्यांना घरी जाऊ दिले. पुरंदरवरील लोकांनीही शरण यावे, असा त्यामागे हेतू होता.

पुरंदरने मात्र हत्यार खाली ठेवले नाही. किल्लेदार मुरारबाजी देशपांडे यांनी मे महिन्यात सातशे निवडक मावळ्यांसह बाहेर पडून दिलेरखानाच्या सैन्यावर हल्ला चढविला. या लढाईत मुरारबाजींना वीरमरण आले. किल्लेदार पडल्यानंतरही शिबंदी लढत राहिली.

मोगलांचे मोर्चे माचीच्या पांढऱ्या व काळ्या बुरुजांखाली पोहोचले होते. वरून मराठे जळते तेल, दारूचे हुक्के आणि मोठमोठे दगड टाकीत होते. त्यामुळे पुढे सरकणे अशक्य झाले. तेव्हा मिर्झाराजांनी लाकडी ओंडके व फळ्यांचा एक उंच 'दमदमा' उभारण्याचे ठरविले. दमदमा म्हणजे तोफा व बंदूकधारी वर चढविता येतील असा मजबूत मनोरा. रणथंबोरचे गरगज आणि पुरंदरचा दमदमा यांच्यात साडेतीनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण त्यांमागील विचार एकच आहे. शत्रूच्या उंचीचा लाभ नाहीसा करावयाचा असेल तर स्वतः तितक्याच उंचीवर जावयाचे.

मे महिन्याच्या अखेरीस दमदमा तयार झाला आणि त्यावरून बुरुजावर मारा सुरू झाला. बुरुजात साठविलेल्या दारूलाही आग लागून स्फोट झाला. एकामागून एक बुरूज मोगलांच्या हाती गेले व माची धोक्यात आली. आत अडकलेल्या लोकांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे प्राण वाचविणे आवश्यक झाले. छत्रपती शिवाजी महाराजांनी ११ जून १६६५ रोजी पुरंदरच्या पायथ्याशी मिर्झाराजांच्या छावणीत त्यांची भेट घेतली. त्यानंतर झालेल्या तहानुसार २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना देण्यात आला, तर १२ किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे राहिला. एका गडाच्या माचीवरील बुरुजांच्या लढाईने २३ गडांचे भवितव्य ठरले, असे म्हणता येईल.

यंत्रांविना गड

हे २३ किल्ले परत घेताना मराठ्यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. त्यांच्याजवळ मोगलांसारखा अवजड तोफखाना नव्हता आणि महिनोन्महिने वेढा देण्यासाठी लागणारा खजिनाही नव्हता. गडाच्या वाटा, कडे, पहाऱ्याच्या वेळा आणि आतील माणसे यांची बारीक माहिती मात्र त्यांच्याजवळ होती. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी रात्रीच्या अंधारात कडा चढून कोंढाणा घेतला. पुढील महिन्यात, ८ मार्च रोजी, पुरंदरही स्वराज्यात परत आला. दमदमा उभारण्यास आठवडे लागत. दोराच्या साहाय्याने कडा चढण्यास एक रात्र पुरे, परंतु त्यासाठी नैसर्गिक कडा अजिंक्य आहे अशी समजूत आत असावी लागे. पहारा ढिला असे तो नेमका याच ठिकाणी.

जयगडाचे उत्तर

वेढे घालण्याचा हा अनुभव आंबेरच्या राज्यकर्त्यांना स्वतःच्या किल्ल्याच्या बांधणीत उपयोगी पडला असावा. मिर्झाराजांचे वारस सवाई जयसिंह यांनी स्वतः भरतपूर परिसरातील जाटांच्या थून किल्ल्याला १७१६ मध्ये वेढा घातला होता. हा वेढा दीर्घकाळ चालूनही किल्ला पडला नाही आणि १७१८ मध्ये दिल्लीतील राजकारणामुळे तडजोड झाली. थून त्यांच्या हाती आला तो १७२२ मध्ये.

त्यांच्याच काळात जयगडाला आजचे स्वरूप प्राप्त झाले. हा किल्ला आंबेरपेक्षा उंचावर आहे आणि तो आपल्या ताब्यात ठेवल्याने आंबेरवर वरून मारा करण्याची जागा शत्रूला मिळत नाही. रणथंबोरला रण टेकडीने आणि पुरंदरला वज्रगडाने जो धोका निर्माण केला, तो येथे आधीच दूर करण्यात आला आहे. किल्ल्यात पावसाचे पाणी डोंगरउतारावरून पाटांनी आणून साठविणारी मोठी टाकी आहेत. तोफा ओतण्याचा कारखाना, त्याची भट्टी आणि बैलांच्या साहाय्याने तोफेची नळी कोरणारे यंत्र हेही येथे पाहावयास मिळते. वेढा पडल्यास पाणी आणि शस्त्रे या दोन्हींसाठी बाहेरच्या जगावर अवलंबून राहावे लागू नये, अशी ही व्यवस्था होती.

जयबाण तोफेचा गोळा चाचणीच्या वेळी सुमारे ३५ किलोमीटरवरील चाकसू गावाजवळ पडून तेथे तलाव निर्माण झाला, असे सांगितले जाते. ही कथा लोकप्रिय असली तरी भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही. काळ्या दारूच्या तोफेतून सुटणाऱ्या गोळ्याचा वेग सेकंदाला साधारणपणे ४०० ते ५०० मीटर असतो. हवेचा अडथळा मुळीच नाही असे गृहीत धरले तरी या वेगाने गोळा फार तर २५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकेल. हवेचा अडथळा लक्षात घेता हे अंतर कित्येक पटींनी कमी होते. जयबाणचे महत्त्व तिच्या पल्ल्यापेक्षा तिला घडविणाऱ्या कारागिरांच्या कौशल्यात शोधणे अधिक योग्य ठरेल.

काय पाहावे?

चितोड, रणथंबोर आणि आंबेर यांच्यासह राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांचा २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना २०२५ मध्ये हा बहुमान मिळाला. पुरंदरचा त्यांत समावेश नाही, तरी वेढ्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी त्याचे महत्त्व कमी होत नाही.

अशा किल्ल्यांना भेट देताना दरवाजे, महाल आणि तोफा यांच्याबरोबरच काही साध्या गोष्टी पाहण्यासारख्या असतात. समोर किल्ल्याच्या उंचीची टेकडी आहे काय? तटाचा पाया खडकावर आहे की मातीवर, म्हणजेच तेथे सुरुंग लागू शकेल काय? तटाच्या एखाद्या भागातील दगडांचा आकार किंवा चुन्याचा रंग वेगळा दिसतो काय? असा फरक दुरुस्तीचा असू शकतो, आणि दुरुस्तीमागे कधी कधी एखाद्या वेढ्याची कहाणी असते. पाण्याची टाकी किती मोठी आणि किती सुरक्षित जागी आहेत, यावरून त्या किल्ल्याची झुंज किती काळ चालू शकली असती याचा अंदाज येतो.

वेढ्यांच्या इतिहासात राजे, किल्लेदार आणि तोफा यांची नावे जपली गेली आहेत. रणथंबोरच्या पिशव्यांत वाळू भरणारे, चितोडच्या साबातीवर फळ्या ठोकणारे, पुरंदरच्या चढावर तोफा ओढणारे आणि रातोरात खिंडार बुजविणारे लोक मात्र निनावी राहिले. भिंती पाडण्याचे आणि त्या उभ्या ठेवण्याचे काम प्रत्यक्षात त्यांच्याच हातांनी झाले होते.